तिरप्या उन्हाचा मुलूख

गारगोटीच्या बाजारपेठेत पडलेला पाऊस वेदगंगेत जातो, वेदगंगेतून दूधगंगेत, दूधगंगेतून कृष्णेत, आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. अरबी समुद्र मात्र इथून पश्चिमेला सरळ रेषेत जेमतेम सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. इतका जवळचा समुद्र सोडून पाणी इतक्या लांब का जातं, याचं उत्तर पाटगावच्या पुढे मिळतं. तिथे सह्याद्री एकाएकी संपतो. पठार चालत चालत कड्याच्या टोकाशी येतं आणि पुढे पायाखाली थेट कोकण असतं. त्या धारेच्या अलीकडे पडलेला थेंब पूर्वेचा, पलीकडे पडलेला पश्चिमेचा.

कोकणचे फोटो काढायला निघालेला माणूस बहुतेक वेळा किनाऱ्यावरून सुरुवात करतो. मालवण, देवगड, वेंगुर्ला, जमलं तर विजयदुर्ग. मी भुदरगड तालुक्याच्या बाजूने बोलतो आहे हे मान्य करूनही सांगतो, सुरुवात इथून, घाटमाथ्यावरून करावी. इथे उभं राहिलं की हा सगळा प्रदेश एकच भूरूप म्हणून समजतो. वर जांभ्याची टोपी घातलेली पठारं, मध्ये तुटलेला कडा, खाली पुन्हा जांभ्याचे सडे, म्हणजे उघडे सपाट कातळ, आणि त्यांच्या टोकाला समुद्र. या भूमीवरच्या वारशाचं रूप उन्हाच्या कोनावर ठरतं. सूर्य डोक्यावर असताना इथलं निम्मं काही दिसतच नाही. तो खाली उतरला की दगड बोलू लागतात. असं का होतं, हे एकदा कळलं की कॅमेरा नसला तरी बघणं बदलतं.

गारगोटीहून निघताना डावं-उजवं करत दोन किल्ले साद घालतात. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या किल्ल्यांत भुदरगड आणि रांगणा या दोघांची नावं घेतली जातात. भुदरगड जवळचा. त्याच्या माथ्यावर भैरवनाथाचं देऊळ आणि दूधसागर नावाचा मोठा तलाव आहे. तलावाच्या पाण्याला दुधाळ झाक असते. मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहिले की असा रंग येतो: कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठे असल्याने ते सगळे रंग सारखेच विखुरतात, आणि सगळे रंग एकत्र आले की डोळ्याला पांढरं दिसतं. ढग पांढरे दिसतात तेही याच कारणाने.

रांगणा मात्र खरा कड्यावरचा. गारगोटीहून पाटगाव, तिथे मौनी महाराजांचा मठ. शिवाजी महाराजांनी दक्षिणेच्या मोहिमेआधी मौनी महाराजांचं दर्शन घेतलं, ही आठवण या परिसराने जपली आहे. पाटगावपुढची वाट दाट जंगलातून जाते आणि रांगण्याशी थांबते. सह्याद्रीच्या मुख्य रांगेला बिलगलेला, तीन बाजूंनी तुटलेला हा गड. कोकणच्या बाजूने त्याच्या पायथ्याला कुडाळ तालुक्यातलं नारूर गाव.

समुद्रसपाटीपासून रांगणा सुमारे ७०० मीटर उंच आहे. या आकड्याचं आता एक गमतीचं गणित करू. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिज किती दूर दिसणार, हे बघणाऱ्याच्या उंचीवर ठरतं. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि साडेतीनने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. मालवणच्या वाळूत उभं राहणाऱ्याचे डोळे दीड मीटरवर असतात. त्याचं क्षितिज साडेचार किलोमीटरच्या आत संपतं. आपण ज्याला अथांग म्हणतो तो समुद्र म्हणजे डोळ्यांना दिसणारं साडेचार किलोमीटर पाणी. रांगण्याच्या कड्यावरून मात्र क्षितिज नव्वद किलोमीटरच्याही पलीकडे जातं. तिथून किनारा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. म्हणजे हवा स्वच्छ असेल तर कड्यावरून जेवढं कोकण दिसतं, जवळपास तेवढाच समुद्र त्याच्या पलीकडे दिसायला हवा.

सूर्यास्ताच्या बाबतीत तर आणखी विलक्षण प्रकार होतो. रांगणा मालवणच्या पूर्वेला आहे, तेव्हा पृथ्वीच्या फिरण्याच्या हिशेबाने तिथे सूर्य सुमारे दीड मिनिट आधी मावळायला हवा. पण उंचीमुळे क्षितिज खाली झुकतं, आणि त्या झुकण्याने सूर्यास्त साधारण तीन मिनिटं लांबतो. वजाबाकी केली की दीड मिनिट उरतं, रांगण्याच्या पदरात. मालवणच्या बंदरावरचा माणूस सूर्य बुडाला म्हणून कॅमेरा पिशवीत टाकतो, त्या क्षणी घाटमाथ्यावरच्या माणसाला बिंबाचा मोठा भाग अजून पाण्यावर दिसत असतो.

आणि तो दिसणारा सूर्य तरी तिथे असतो का? हवेचे खालचे थर दाट असल्यामुळे किरण वाकतात, आणि क्षितिजाजवळ हे वाकणं सूर्यबिंबाच्या व्यासापेक्षा किंचित जास्तच भरतं. बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा भूमितीच्या हिशेबाने अख्खा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा अधिक उचलली जाते, म्हणून बिंब चपटं होतं. लांब भिंगातून काढलेल्या प्रत्येक सूर्यास्ताच्या फोटोत हा चपटेपणा मोजून घेता येईल.

कड्याची सकाळही सोडू नये. पाऊस सरत आला की पहाटे कोकणात ढग भरून राहतात. पाठीशी पूर्वेचं ऊन, समोर खाली पांढरा ढग, अशी मांडणी जुळली की पश्चिमेकडे तोंड केलेल्या कोणत्याही कड्यावरून इंद्रवज्र दिसू शकतं: ढगावर पडलेल्या आपल्या सावलीच्या डोक्याभोवती रंगांची गोल कडी. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा यासाठी प्रसिद्ध आहे. कर्नल साइक्सने १८३५ साली त्याची नोंद केली. इंद्रधनुष्यापेक्षा ही कडी खूप लहान असते. ढगातले जलबिंदू जितके बारीक, तितकी कडी मोठी. प्रकाश थेंबात शिरून जवळपास उलट्या पावली, आलेल्या दिशेलाच परततो, म्हणून ही कडी सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती उमटते, आणि तो बिंदू प्रत्येकाचा वेगळा. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांना एकमेकांच्या सावल्या दिसतात, पण कडी फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती. फोटोत ती डोळ्याभोवतीही नसते. ती कॅमेऱ्याभोवती असते. कॅमेरा हात लांब करून धरला तर कडीचा मध्य हाताच्या टोकाशी सरकलेला दिसेल.

घाटमाथ्यावरून कोकणचे फोटो काढायचे तर पाऊस संपल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत चांगले. पावसाने हवा धुतलेली असते. हिवाळा पुढे सरकला की धूळ, धूर, समुद्रावरून आलेले मिठाचे कण यांची दुलई कोकणावर पसरते आणि एप्रिलपर्यंत समुद्र दिसेनासाच होतो. दुलईचाही उपयोग आहे म्हणा. डोंगरांच्या एकामागोमाग रांगा फिक्या होत जातात, जवळची काळी, त्यापुढची निळी, शेवटची आकाशात मिसळलेली. चित्रकार ज्याला अंतराचा भास म्हणतात तो इथे हवाच रंगवून देते.

आता घाट उतरू. जांभा हा या साऱ्या प्रदेशाचा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्यावर लाखो वर्षं उष्ण कटिबंधातला पाऊस कोसळला. पावसाने दगडातलं सिलिका आणि विरघळणारे क्षार धुऊन नेले. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिले. तो जांभा. खाणीतून काढलेला ताजा चिरा लालभडक आणि तासायला सोपा असतो, हवा लागली की टणक होतो. आमच्याकडच्या उंच पठारांच्या माथ्यावर तो आहे, आणि खाली राजापूर, देवगड, मालवण भागातल्या सड्यांवरही तोच. उघड्यावर पडलेल्या कातळाचा रंग लाल राहत नाही. ऊन, पाऊस आणि शेवाळांनी तो काळपट होतो. मार्च-एप्रिलमध्ये असा सडा बघितला तर इथे काही असेल असं कुणाला वाटणार नाही. मैलभर काळा, भाजलेला, सपाट दगड.

त्याच दगडावर कुणीतरी चित्रं कोरून ठेवली आहेत.

कोकणातली कातळशिल्पं गुराख्यांना आणि गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातल्या हिवाळे गावची शिल्पं सतीश लळीत यांनी २००१ साली अभ्यासकांसमोर आणली. पुढे रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी सडे अक्षरशः पायांनी तुडवून, गावोगाव म्हाताऱ्यांना आणि गुराख्यांना विचारून शेकडो आकृत्या नोंदवल्या. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत या शिल्पांची नऊ ठिकाणं गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यातलं फणसाईमळ. बारसूला दोन वाघांच्या मधोमध हात पसरून उभा असलेला माणूस आहे. काही आकृत्या गेंड्याच्या, पाणघोड्याच्या वाटाव्यात अशा. आज कोकणात ना गेंडा ना पाणघोडा. ही शिल्पं दहा हजार वर्षांच्या आसपास जुनी असावीत असा अंदाज मांडला जातो. नेमकं वय काढणं अवघड आहे, कारण कोरलेल्या रेषेत कोळसा नसतो, हाड नसतं, वय मोजता येईल असं काहीच मागे राहत नाही. दगड काढून टाकला आहे आणि पोकळी उरली आहे.

या पोकळीचा फोटो काढायचा आहे. ती दिसते ती फक्त सावलीमुळे. समजा खाच दोन सेंटिमीटर खोल आहे. सूर्य क्षितिजापासून दहा अंश वर असेल तेव्हा तिच्या कडेची सावली अकरा सेंटिमीटर लांब पडायला बघते, म्हणजे अख्खी खाच काळोखाने भरून जाते आणि रेष शाईने ओढल्यासारखी ठळक होते. सूर्य साठ अंशांवर आला की सावली एक सेंटिमीटरच्या थोडी वर. पंच्याऐंशी अंशांवर ती दोन मिलिमीटरहूनही कमी होते. सूर्योदयानंतर पाऊण तासात दहा अंश ओलांडले जातात, त्यामुळे खऱ्या अर्थाने चित्र उभं राहण्याची वेळ सकाळी आणि संध्याकाळी मिळून दीड तासाच्या आसपास असते. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात या अक्षांशावर सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दुपारी कुडोपीच्या सड्यावर उभा असलेला माणूस एखाद्या आकृतीच्या छातीवर पाय देऊन उभा असेल आणि त्याला ते कळणारही नाही.

कोनाइतकीच दिशाही महत्त्वाची. रेष जर उजेडाच्या दिशेला समांतर असेल तर तिची सावली पडत नाही. सकाळ-संध्याकाळचं ऊन साधारण पूर्व-पश्चिम येतं. ते उत्तर-दक्षिण रेषा उघड्या करतं आणि पूर्व-पश्चिम रेषा गिळून टाकतं. म्हणजे एकाच सकाळी काढलेल्या फोटोत प्राण्याचे पाय स्पष्ट येतील आणि पाठ गायब असेल, असं सहज घडतं. सूर्य वर्षभरात पूर्वेच्या उत्तरेला आणि दक्षिणेला साधारण साडेचोवीस अंशांपर्यंत सरकतो, तेवढीच काय ती सवलत. त्यातला उत्तरेचा टोकाचा भाग जूनमध्ये येतो, आणि जूनमध्ये कोकणात सूर्य कुठे दिसायचा.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव हेच सांगतो. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरून देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर एक्केचाळीस दिवस, आणि २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी तेही एक्केचाळीस. सूर्य दक्षिणेला जाताना ज्या दिशेला मावळतो, परतताना तितक्याच दिवसांनी पुन्हा त्याच दिशेला मावळतो. म्हणून किरणोत्सव वर्षातून दोनदा. कातळावरच्या प्रत्येक रेषेलाही तिचा किरणोत्सव असतो, वर्षातून दोनदाच. तो कधी हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. जाऊन बघावं लागतं.

दिवसाचं ऊन हवं त्या दिशेने येत नसेल तर रात्री आपला उजेड आपण न्यावा. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवायचा, शटर अर्धं मिनिट उघडं, आणि बॅटरी अगदी जमिनीलगत धरून आकृतीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवायची. मग दुसरी दिशा, मग तिसरी. हेच काम शास्त्रशुद्ध करायची एक पद्धत ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर यांनी २००१ साली मांडली: कॅमेरा हलवायचा नाही, दिव्याची जागा बदलत अनेक फोटो घ्यायचे, आणि संगणकाला ते एकत्र करू द्यायचे. मग पडद्यावर आपण हवा तिथून उजेड टाकू शकतो आणि डोळ्याला कधीच न दिसलेली खरवड उमटते. दिव्याच्या उजेडात चित्रण करण्याची आवड कोल्हापूर जिल्ह्याला जुनीच आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२३ च्या ‘सिंहगड’ चित्रपटासाठी कृत्रिम प्रकाशात चित्रण केलं.

कशेळीचा हत्ती मात्र बॅटरीच्या आवाक्याबाहेरचा. तो सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, आणि त्याच्या अंगावर व आसपास सत्तरहून अधिक लहानमोठे प्राणी, मासे, शार्क, पाकट कोरलेले आहेत. त्याच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं तर नजर जमिनीशी पाच-सहा अंशांचाच कोन करते. अठरा मीटरचा हत्ती आखडून चिंधीएवढा दिसतो. उंच शिडी, बांबूवर बांधलेला कॅमेरा किंवा ड्रोन याशिवाय तो एका चौकटीत येत नाही. मला सर्वांत जास्त थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. ज्यांनी तो कोरला त्यांच्याकडे वर चढायला आसपास बहुधा ना टेकडी होती ना झाड इतकं उंच. पायाखाली दिसणारा हातभर तुकडा कोरत, पुढे सरकत, त्यांनी हत्तीची पाठ, सोंड, पाय प्रमाणात बसवले. अख्खं चित्र फक्त मनात होतं. आज पहिल्यांदा ते वरून बघतो तो आपण, ड्रोनच्या डोळ्याने.

पहिल्या पावसात आणखी एक नवल घडतं. खाचांमध्ये पाणी साचतं आणि त्यात आकाश उतरतं. कातळ ओला काळा, रेषा लख्ख पांढऱ्या. ढगाळ दिवशीही, सावली नसतानाही चित्र दिसतं. एरवी रेषा उठून दिसावी म्हणून खडू किंवा चुना भरून फोटो काढण्याची खोड पुष्कळांना आहे. ती सोडायलाच हवी. खाचेच्या तळाशी हत्याराच्या घावांच्या ज्या बारीक खुणा उरल्या आहेत त्या घासल्याने जातात, आणि कोरणाऱ्याने कशाने कोरलं हे सांगणारं दुसरं काही आपल्याकडे नाही. तिरप्या उन्हाची वाट पाहावी, नाहीतर पावसाची.

सड्याच्या टोकाला समुद्र. इथे उन्हाच्या जोडीला दुसरं घड्याळ येतं, भरती-ओहोटीचं. कोकणातल्या दर्यावर्दी माणसाला ते तोंडपाठ असतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढी पुढे सरकते; पाऊण तासाचा आडाखा त्यातूनच आलेला. दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांच्या थोडं आतलं अंतर, आणि मध्ये ओहोटी.

आता हे गणित फोटो काढणाऱ्याच्या नजरेने वाचा. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण. पण या किनाऱ्यावर उधाणाची भरती कायम भरदुपारच्या नाहीतर मध्यरात्रीच्या आसपास येणार. तटाला सर्वांत उंच लाटा धडकणार त्या नेमक्या सर्वांत वाईट उजेडात. आणि त्याच दिवशीची खोल ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला, म्हणजे सूर्यास्तालाच. एरवी पाण्याखाली असलेले खडक, त्यांवरची कालवं-शेवाळ, खडकांमधली डबकी आणि आरशासारखी ओली पुळण या सगळ्यावर मावळतीचं तिरपं ऊन पडतं. पौर्णिमा असेल तर पाठीमागे सह्याद्रीवर चंद्र उगवत असतो. उलट अष्टमीला भरती संध्याकाळी सहाला, पण ती भांगाची, मवाळ. म्हणजे तटाला भिडलेलं पाणी आणि सोनेरी ऊन एका चौकटीत हवं असेल तर पाणी थोडं कमी घ्यावं लागतं. इथल्या किनाऱ्याचा हा करार आहे. दुसऱ्या समुद्रावर भरतीचं वेळापत्रक वेगळं, करारही वेगळा. पंचांग बघून फोटोला निघणं हा श्रद्धेचा विषय नाही, ते साधं खगोलशास्त्र आहे.

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याला हे सगळं एकत्र लागू होतं. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी झाली. हिरोजी इंदुलकरांनी बांधकाम पाहिलं. त्याआधी किनाऱ्यावरच्या ज्या खडकापाशी पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आजही आहे. त्यावर गणपती, चंद्र-सूर्य, शिवलिंग कोरलेलं आहे आणि होडी पकडायच्या घाईत बहुतेक लोक त्याच्याकडे फिरकत नाहीत. त्याची वेळही तिरप्या उन्हाचीच. किल्ल्याचा तट बेटाच्या कडेने नागमोडी फिरतो, त्यामुळे सूर्य कुठेही असला तरी तटाचा एखादा तुकडा उन्हात आणि शेजारचा सावलीत असतो. दिवसभर हा खेळ सरकत राहतो. दरवाजा गोमुखी, बुरुजांच्या कवेत लपवलेला. शत्रूच्या दुर्बिणीला तो सापडू नये म्हणून केलेली ही रचना आजच्या लांब भिंगालाही तितकीच फसवते. होडी अगदी जवळ जाईपर्यंत वाट दिसत नाही. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले गेले, त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे समुद्राचे, आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला पन्हाळा.

काळा खडक आणि पांढरा फेस ही जोडी कॅमेऱ्याला गोंधळात टाकते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो, पडणाऱ्या उजेडातला सुमारे १८ टक्के परतवणारं. चौकटभर काळा खडक असेल तर तो त्याला करडा करतो आणि फेस जळून जातो. म्हणून फेसाचा उजेड मोजून घ्यावा आणि खडकाला काळं राहू द्यावं. तो काळाच आहे. पाण्याखालचं बघायचं तर ध्रुवक काच लावून पृष्ठभागाकडे उभ्या रेषेपासून साधारण त्रेपन्न अंशांवर बघावं. त्या कोनात पाण्यावरून परतणारी चकाकी पूर्ण ध्रुवित असते, काच फिरवली की ती विझते आणि तळ दिसतो. सिंधुदुर्गाभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि तिथे प्रवाळ आहेत.

उत्तरेला वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. तिथे एक जागा साहेबाचे ओटे म्हणून दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा इथूनच कोकणात शिरला आणि दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेला. त्या पट्ट्यात निरीक्षणासाठी जमखंडीला जॉन हर्शेल, गुंटूरला जान्सेन आणि टेनंट होते; टेनंटने ग्रहणाचे फोटोही घेतले. सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात त्या दिवशी जी पिवळी रेषा दिसली, तिच्यातून हेलियमचा शोध लागला. विजयदुर्गावरच्या ओट्यांशी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरचं नाव जोडलं जातं, पण लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हता. त्याने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, तीच रेषा टिपली. यामुळे विजयदुर्गाचं मोल कमी होत नाही. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ साली. सत्तावीस वर्षं तो फक्त उजेडातली एक रेषा होता.

या सगळ्या फोटोंचं पुढे काय करायचं, हा प्रश्न कातळशिल्पांच्या बाबतीत निकडीचा आहे. सडे ओसाड समजले जातात. चिरेखाणी, रस्ते, बागांसाठी होणारं सपाटीकरण यांत आकृत्या जातात, आणि गेलेली खाच पुन्हा भरून येत नाही. म्हणून फोटो सुंदर यावा यापलीकडे तो वापरता यावा असा असावा. चौकटीत मोजपट्टी ठेवा. गावाचं नाव, तारीख, वेळ लिहा. उत्तर दिशा नोंदवताना होकायंत्रावर विसंबू नका: देवाचे गोठणे इथल्या आकृतीपाशी सुई भरकटते असा अनुभव अभ्यासक सांगतात, तेव्हा दिशा सूर्याच्या जागेवरून पडताळून घ्या. फोटोची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत द्या. १० नोव्हेंबरला घेतलेल्या फोटोतला तिरपा उजेड ३१ जानेवारीच्या सुमाराला त्याच दिशेने पुन्हा येतो, आणि पुढच्या नोव्हेंबरलाही. त्या वेळी दुसरं कुणी त्याच जागी उभं राहून फोटो काढेल, आणि दोन्ही शेजारी ठेवले की खाचेची कड किती झिजली ते मिलिमीटरमध्ये मोजता येईल.